पहिला तांब्या भुईला

मित्रांनो, तुमच्या विज्ञानखोलीतल्या काचेच्या कपाटात, सापाची बरणी आणि मोडका पृथ्वीगोल यांच्या मधे एक सागवानी पेटी आहे ना, तीच मी. डोक्यावर पितळेच्या दोन वाट्या, उजव्या कुशीला दांडा, डाव्या कुशीला आकड्यावर टांगलेला कर्णा. तुमच्यापैकी बरेच जण मला घड्याळ समजतात. एका मुलीने तर मला कॉफी दळायचं यंत्र ठरवलं. चिखलदऱ्याच्या सहलीत तिने तसलं काहीतरी पाहिलं होतं म्हणे. मी रागावलो नाही. म्हणजे, थोडा रागावलोच. मी एक जुना टेलिफोन आहे आणि गावगप्पांसाठी माझा जन्म कधीच नव्हता. सोळा वर्षं एक अख्खं जंगल माझ्या भरवशावर उभं होतं.

कारखान्याचं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते खोकं. लाकडाच्या भुशात आम्ही दोघं पाठीला पाठ लावून होतो, मी आणि माझा जोडीदार. एकाच फळीतून आमच्या पेट्या कापल्या होत्या. माझ्या कडेला लाकडाची जी रेघ अर्धवट राहिली होती ती त्याच्या कडेला पुरी होत होती. मूर्तिजापूरहून छोट्या गाडीने आम्ही आलो आणि प्रत्येक धक्क्याला दोघांच्या वाट्या एकदमच किणकिणत होत्या. तेवढाच काय तो आमचा सहवास. मेळघाटाच्या पायथ्याशी करंजखेड नावाचं गाव आहे, तिथल्या जंगलकचेरीत खोकं फुटलं. मला भिंतीवर ठोकलं. त्याला एका मजुराच्या डोक्यावर देऊन डोंगराकडे पाठवलं. आम्हाला धड निरोपही घेता आला नाही. हे १९५० सालचं.

तो गेला भवानटेकावर. चौदा मैलांवरचं ते उंच टोक, त्यावर एक झोपडी, आणि झोपडीत एक राखणदार. होळीपासून मृगापर्यंत जंगल असं वाळतं की विडीची एक ठिणगी पुरे. म्हणून राखणदाराने वर बसून खालच्या तिन्ही दऱ्यांवर नजर ठेवायची आणि आम्ही खालून त्याची खबर घ्यायची. सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी चार. कचेरीतले मोठे कारकून केशवराव माझा दांडा फिरवायचे, एक लांब फेरा. वर माझा जोडीदार वाजायचा. एक लांब घंटी म्हणजे रोजची खबर. तीन आखूड म्हणजे धूर.

तार टाकली ती किसनराव तारमिस्त्रींनी. तार एकच होती, बरं का. वीज तारेतून जायची आणि परत यायची ती जमिनीतून. त्यासाठी दोन्ही टोकांना एकेक लोखंडी पाइप खोल पुरला होता आणि आमच्या पोटातून निघालेली एक तार त्याला बांधली होती. किसनराव त्याला भुई म्हणायचे. "भुई ओली रायली पायजे," त्यांनी दोन्हीकडे बजावलं होतं. "कोरडी झाली का हा मुका झालाच समजा."

वरचा राखणदार मोतीराम हा माळी. खाली गावात त्याची वांग्या-मिरच्यांची वाडी होती, ते तीन महिने ती त्याची बायको सत्यभामा लेक कुंदाला घेऊन सांभाळायची. माळ्याला पाणी द्यायला शिकवावं लागत नाही. मुरमाड डोंगरावर झरा अर्धा मैल खाली, तिथून तो रोज सकाळी घागर आणायचा आणि पहिला तांब्या त्या पाइपच्या बुडाशी ओतायचा. दुसरा स्वतःला. नऊ वर्षांत त्याचा हा नेम चुकला नाही. हे मला कसं कळलं? तोच सांगायचा. खबर देऊन झाली की केशवराव विचारायचे, "आणि तब्येत?" तर तो म्हणायचा, "आमी बरे हाओ, भुईबी बरी हाये."

चारची खबर यायच्या वेळी सत्यभामा भाजीची रिकामी टोपली घेऊन कचेरीच्या ओट्याशी उभी राहायची. सरकारी फोनवर घरचं बोलायची परवानगी नव्हती. केशवराव नियमाला पक्के. पण ते मोतीरामचं प्रत्येक वाक्य मोठ्याने पुन्हा म्हणायचे, जणू स्वतःलाच ऐकू येत नाही. "काय म्हणतोस, जेवण झालं? बरं बरं. पायातला काटा निघाला? छान." ती हसायची, टोपली डोक्यावर घ्यायची आणि निघून जायची. मला तिचा हेवा वाटायचा. तिला तीन महिन्यांनी तरी तिचं माणूस दिसायचं. माझा जोडीदार पावसाळ्यातही तिथेच, घोंगडीत गुंडाळून झोपडीच्या माळ्यावर. त्याचा आवाज मात्र माझ्या अंगातून जायचा आणि तेवढ्यावर मी दिवस काढायचो.

आता आमच्या बाजूच्या भुईचं ऐका. ओट्याच्या कोपऱ्यात कडुनिंबाखाली तो पाइप पुरला होता आणि त्यावर एक सपाट दगड टाकला होता. दगड आयता मिळाला म्हणून केशवराव दर उन्हाळ्यात त्यावर रांजण मांडायचे. त्यांच्या दिवंगत पत्नीच्या नावाने ती अनसूयाबाईंची पाणपोई. बंडीवाले, लाकूडतोडे, आठवडी बाजाराला निघालेले कोरकू आदिवासी, सगळे तिथे थांबायचे, चूळ भरायचे, ओंजळीने प्यायचे, पाय धुवायचे. दिवसभर तिथे चिखल. त्या चिखलाने आमची भुई न सांगता ओली राहायची. नऊ वर्षांत आमच्या पाइपला कुणी मुद्दाम एक थेंब घातला नाही. घालायची वेळच आली नाही, आणि म्हणून त्या दगडाखाली काय आहे हे सगळे विसरून गेले. मीसुद्धा. तेवढं कबूल करतो.

१९५९ साली पुण्याकडून नवे साहेब बदलून आले. माणूस वाईट नव्हता. नीटनेटका होता, एवढाच काय तो दोष. आमच्याकडचं बोलणं त्यांना भांडल्यासारखं वाटायचं आणि ओट्यावरचा चिखल तर मुळीच खपायचा नाही. "केशवराव, पुण्यकर्म आहे, पण ते फाटकाबाहेर करा. येणाऱ्याजाणाऱ्यांनाही तेच सोयीचं," ते म्हणाले. खोटं नव्हतं ते. पाडव्यानंतर आठ दिवसांत रांजण फाटकाबाहेरच्या चिंचेखाली गेला. दगड तिथेच राहिला. ओटा स्वच्छ दिसू लागला.

वैशाख लागला. तुम्ही वऱ्हाडातली मुलं, काळी जमीन उन्हात कशी तडकते ते तुम्हाला सांगायला नको. भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. आधी जोडीदाराचा आवाज बारीक झाला. मग बाराची खबर आली नाही. मग चारची आली नाही. मग काहीच येईना.

केशवराव दांडा फिरवत राहिले. माझ्या आतून वीज निघायची, तारेपर्यंत जायची आणि कुठेतरी जिरून जायची. मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण त्याच वेळी वर मोतीरामही दांडा फिरवत होता. दोघं एकमेकांना हाका मारत होतो आणि दोघांना वाटत होतं, पलीकडचा ओ देत नाही.

तिसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "झोपत असेल. एकटा माणूस, वर कोण पाहतंय?"

"मोतीराम झोपणारा नाही, साहेब," केशवराव म्हणाले. "बिघाड असेल."

"बिघाड आहे तर खाली येऊन सांगायला काय झालं त्याला?"

"जागा सोडायची नाही असा आपलाच नियम आहे ना. आला असता तर जागा सोडली म्हणून नोकरीवरून गेला असता."

साहेबांना ते पटलं. पण त्यांच्यावरही वरून दडपण होतं, शेजारच्या भागात नुकताच वणवा लागून गेला होता. त्यांनी कागद ओढला आणि मोतीरामला कामावरून कमी करण्याचा हुकूम लिहिला. सोमवारी चारपर्यंत फोन लागला नाही, तर मंगळवारी नवा राखणदार हुकूम घेऊन वर जाणार होता. संध्याकाळी सत्यभामा आली तेव्हा केशवरावांनी तिला ते सांगितलं. तिने टोपली खाली ठेवली. नोकरीचं ती काहीच बोलली नाही. एवढंच म्हणाली, "मंग थे जित्ते हाये का नाई, हे कोनं पायलं?"

किसनराव मिस्त्री तारेखालून निघाले. चौदा मैल एकेक खांब तपासत. फांदी कुठे टेकलीय का, तार खांबाला टेकू न देणारी चिनी मातीची वाटी कुठे फुटलीय का. काही नाही, तार धडधाकट. वर पोचले तर मोतीराम जोडीदारासमोर बसलेला, दांडा फिरवून तळहाताला फोड आलेले. "मिस्तरी, खाले सारे मेले का काय?" हे त्याचे पहिले शब्द. किसनरावांनी वरची भुई पाहिली, ती गच्च ओली. बॅटऱ्या पाहिल्या, ठीक. मग दोष यंत्रातच असणार असं धरून त्यांनी माझ्या जोडीदाराला भिंतीवरून काढलं, पाठीला बांधलं आणि रविवारी दुपारी करंजखेडला आणून माझ्या खाली टेबलावर ठेवलं.

मित्रांनो, नऊ वर्षांनी मी त्याला पाहिलं. किती बदलला होता! अंगाला धुराचा आणि मोहफुलांचा वास. कर्ण्याच्या कडेला गांधीलमाशीने मातीचं घर केलेलं. कपाळावर पाडव्याच्या हळदीचे टिळे, एकावर एक, नऊ. माझ्यावर कुणी कधी टिळा लावला नव्हता, मी कचेरीतला ना. किसनरावांनी वीतभर लांबीच्या दोन तारांनी आम्हाला एकमेकांना जोडलं आणि माझा दांडा फिरवला. तो खणखणीत वाजला. त्याचा फिरवला, मी वाजलो. इतका मोठ्याने मी आयुष्यात वाजलो नसेन.

"दोन्ही यंत्रं ठीक," साहेब म्हणाले. "तारही ठीक. म्हणजे माझंच खरं, माणूस झोपत होता."

किसनरावांनी मोतीरामच्या तळहातावरच्या फोडांचं सांगितलं, पण दोष कुठे हे त्यांनाही दाखवता येईना. त्यांनी डोंगरावरची भुई तपासली होती, कारण डोंगर कोरडा. करंजखेडची काळी कसदार जमीन, जिने नऊ वर्षांत एकदा कुरकुर केली नाही, तिच्यावर कोण संशय घेणार?

आणि आता मी तुम्हाला एक वाईट गोष्ट सांगतो. मला वाटत होतं, दोष सापडूच नये. दोष सापडला की जोडीदार परत डोंगरावर जाणार. नाही सापडला तर तो इथेच राहील, माझ्याजवळ, वीतभर तारेच्या अंतरावर. वर एक माणूस मुका होऊन बसला आहे, त्याची भाकरी जाणार आहे, जंगलावर कुणाची नजर असली तरी हाक द्यायला तोंड नाही, हे सगळं मला कळत होतं. तरी मी तेच मागत होतो. आजही आठवलं की लाज वाटते.

चारच्या सुमारास सत्यभामा आली. मोतीराम धडधाकट आहे हे किसनरावांनी तिला आधी सांगितलं. टेबलावर टिळे लावलेली पेटी दिसताच तिने ओळखली आणि पदराने तिच्यावरची धूळ पुसली. मग किसनरावांना म्हणाली, "मिस्तरी, एक इचारू? कुंदाचे बाबा तेथच्या पाइपले रोज पयला तांब्या देतेत. येथच्या पाइपले कोन देते?"

केशवरावांनी किसनरावांकडे पाहिलं, किसनरावांनी कडुनिंबाकडे. मग दोघंही धावले. पन्नाशीच्या घरातली ती दोन माणसं अशी धावताना मी पहिल्यांदाच पाहिली. दगड बाजूला सारला तर पाइप पोकळीत उभा, सभोवार बोटभर फट. मातीने त्याला सोडूनच दिलं होतं.

"आमच्याच पायाखाले होतं," किसनराव कपाळावर हात मारून म्हणाले, "अन् मी चौदा मैल पायपीट करून आलो."

विहिरीवरून पहिली घागर सत्यभामानेच आणली. भेगेने ती गटागटा पिऊन टाकली. दुसरी, तिसरी, चौथी. सातव्या घागरीला पाणी वर दिसू लागलं. साहेब ओट्यावर उभे राहून पाहत होते. रांजण कुणी हलवायला सांगितला होता हे त्यांना कुणी ऐकवलं नाही. ऐकवायची गरजच नव्हती.

पण हाच दोष होता की आणखी काही, हे वर यंत्र लावल्याशिवाय कळणार नव्हतं. सोमवारी दिवस उगवायला किसनराव जोडीदाराला पाठीवर बांधून निघाले. या वेळी मला निरोप घेता आला. ते फाटकातून बाहेर पडेपर्यंत त्याची एक वाटी उन्हात चमकत होती. मी मनात म्हटलं, जा बाबा, आणि वाज.

ती दुपार काही केल्या सरेना. हुकुमाचा कागद साहेबांच्या टेबलावर, सही बाकी. सत्यभामा बाजाराला गेलीच नाही, कडुनिंबाखाली बसून तासातासाने घागर ओतत होती. माती फुगून पाइपला हळूहळू धरू लागली होती. मला ते पोटात जाणवत होतं, पण बोलायचं कसं? साडेतीन झाले. पावणेचार. साहेबांनी लेखणी हातात घेतली आणि पुन्हा खाली ठेवली.

चारला पाच मिनिटं होती आणि मी वाजलो.

एक लांब नव्हे. तीन आखूड.

केशवरावांनी कर्णा कानाला लावला. मोतीरामचा आवाज इतका स्वच्छ होता की ओट्यापर्यंत पोचला: "धूर हाये! पूर्वेच्या दरीत, नाल्याच्या वरतं. सकायपासून पाऊन राह्यलो. लवकर मानसं धाडा!" केशवरावांनी सवयीने प्रत्येक शब्द मोठ्याने पुन्हा म्हटला. साहेब तोवर माणसं जमवायला धावले होते. अंधार पडायच्या आत आग अडवली. बांबूचं एक बन गेलं, बाकी जंगल राहिलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याच हुकुमाच्या कागदावर आडवी रेघ मारली आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "राखणदार निर्दोष. दोष कचेरीच्या बाजूचा होता." सरकारी कागदावर असं वाक्य मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. रांजण परत दगडावर आला. शिवाय साहेब रोज आठच्या खबरीआधी स्वतः एक तांब्या तिथे ओतायचे. मृगाचा पाऊस पडल्यावर मोतीराम खाली उतरला आणि पहिल्यांदाच कचेरीच्या आत आला. माझ्यासमोर उभा राहिला, लाजल्यासारखा हसला. "इतके वर्सं तुह्याशीच बोलून राह्यलो का मी?" म्हणाला आणि माझ्या डोक्यावर हळदीचं बोट टेकवलं. नीट पाहिलंत तर डाव्या वाटीखाली तो डाग अजून आहे.

पुढे सात वर्षं आम्ही दोघं बोलत राहिलो. १९६६ साली कचेरीत बिनतारी यंत्र आलं. आमची तार गुंडाळून नेली, खांब कुणी कुंपणाला वापरले. केशवरावांनी स्वतः निवृत्त होताना मला मागून घेतलं आणि अमरावतीला तुमच्या शाळेला देऊन टाकलं. जोडीदाराचीही त्यांनी फार चौकशी केली. भवानटेकाची झोपडी मोडली होती. सामानाच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. मोतीरामने नेला म्हणावं, तर तो म्हणाला, "मले वाटलं तुमी नेला."

तुमच्या विज्ञानाच्या अनुपमाबाई कधी कधी मला कपाटातून काढतात आणि दांडा फिरवून दाखवतात. मी वाजतो, तुम्ही हसता. हसा, मला आवडतं. फक्त एक मागणं आहे. कुणाची हाक येईनाशी झाली, तर तो झोपलाय असं एकदम म्हणू नका. आधी आपल्या पायाखालचा दगड उचलून पाहा.

आणि जमलंच तर मधल्या सुट्टीत माझं एक काम करा. माझ्या तळाशी दोन पितळी स्क्रू आहेत. उजव्याला एक तार बांधा, दुसरं टोक खिडकीखालच्या जमिनीत खोचा आणि त्यावर तांब्याभर पाणी ओता. डावा स्क्रू जोडीदाराकडे जाणाऱ्या तारेचा, तो मोकळाच राहील, ते मला माहीत आहे. तरी दांडा फिरवा, एक लांब फेरा. तो कुठे असेल, कुणाच्या माळ्यावर, कुठल्या घोंगडीत, देव जाणे. पण तो हाका मारत असेल, तर माझ्या बाजूची भुई कोरडी नको.